म्हणे

मामा आधी भूमितीच करायचा,
क्निदोसच्या दोन बंदरांमधल्या चिंचोळ्या वाटेवर
वाळू पसरून, वेताच्या काडीनं.
एकदा भर सभेत त्यानं एक लांबलचक सिद्धता मांडली,
आणि चौदा वर्षांच्या एका पोरानं
नाक पुसत पुसत विचारलं,
"पण ही रेघ तिथंच मिळेल कशावरून?"

मिळत नव्हती.

त्यानंतर त्यानं वाळूला हात लावला नाही.
दुसऱ्यांच्या रेघांचा हिशेब ठेवू लागला:
कुणी आधी काढली, कुणाच्या अंगणात,
कुणाकडून शिकून, कुणाचं नाव गाळून.

"घर बांधणाऱ्याला पैसे मिळतात, अंड्रोमेनिस,
लोकांच्या विटा मोजणाऱ्याला कोण देतं?"
मामी एवढंच बोलायची आणि कांदे चिरायला बसायची.
डोळ्यांतलं पाणी कांद्याचं, असं तिचं म्हणणं.

जहाजांच्या तांडेलांबरोबर तो पत्रं पाठवायचा,
खारवलेल्या माशांच्या रांजणांमागे खोचून.
उत्तरं यायची ती त्याच वासाची.
कुणी कळवायचं, हे आमच्या पणज्यानं शोधलं.
कुणी, देवानं स्वप्नात दाखवलं.
सिराक्यूजच्या एकानं नुसता तिळाचा भाव लिहिला.
मामानं तेही जपून ठेवलं.

मी मेणाच्या पाटीवर उतरवून घ्यायचे.
त्याचा दंडक एकच:
जे स्वतः पाहिलं नाही
त्याच्या शेपटाला "म्हणे" लाव.
मी कंटाळायचे. पाटी भरून जायची म्हण्यांनी.
"क्लेअरिस्ता," तो म्हणायचा,
"तेवढा एक शब्द माझा आहे. बाकी सगळं त्यांचं."

मिलेतोसच्या एका कुंभाराची गोष्ट त्याला फार आवडायची.
हेर्मोफांतोस. कर्कटक जेवढं उघडून वर्तुळ काढलं
तेवढ्याच ढांगेनं वर्तुळाच्या काठावरून चालत निघालो
तर सहाव्या पावलाला बरोब्बर
निघालो तिथंच पोचतो,
हे त्यानं सर्वांआधी पाहिलं. म्हणे.

आठ वर्षांनी त्याच्या विधवेचं पत्र आलं,
बाजारातल्या लेखनिकाकडून लिहवून घेतलेलं.
"रांजणांच्या काठावरची सहा पाकळ्यांची फुलं मी काढायचे.
तो भट्टी बघायचा.
भट्टी चांगली बघायचा, एवढं लिहा."
खाली सही: हेर्मोफांतोसची बायको.

मामा दोन दिवस जेवला नाही.
मग चाकूनं पपायरसवरचं कुंभाराचं नाव खरवडलं
आणि तिथं बोटभर जागा मोकळी सोडली.
नाव कळवा, म्हणून पुन्हा पत्र.
पुन्हा. तिसऱ्यांदा तर दोन जहाजांवर दोन.
डोळे गेले तरी तो ती जागा अंगठ्यानं चाचपायचा,
दात पडल्यावर जीभ जाते तशी.

अंजीर पिकायच्या दिवसांत तो गेला.

नऊ गुंडाळ्या होत्या.
मामीच्या भावानं कर्जात दिल्या, त्या धुतल्या गेल्या,
त्यांच्यावर आता कुणाच्या तरी तेलाचा जमाखर्च आहे.
किरेनीच्या एका शिक्षकाच्या पुस्तकात, ऐकते,
एक वाक्य उरलंय:
"कोसचा अंड्रोमेनिस सांगतो की..."
कोसचा!
आयुष्यात त्यानं कोसला पाय लावला नाही,
बोट लागायची त्याला.

आणि त्याला जाळून आलो
त्याच्या अकराव्या दिवशी
एक पाणबुड्या दारात आला, स्पंज काढणारा,
मिलेतोसहून निरोप घेऊन.
इतकी वर्षं पाण्याखाली जाऊन
त्याच्या एका कानाचा पडदा फुटलेला.
मी विचारलं, तो ओरडून बोलला,
मी पुन्हा विचारलं.

मेण वितळतं, म्हणून पाटीवर लिहिलं नाही.
तोंडातच ठेवलंय, तेवीस वर्षं.
तुम्ही लिहून घेताय तर घ्या:

तिचं नाव बित्तो.
किंवा मित्तो.

म्हणे.