लिंबांना तेलाचा हात

मनामात, चौघांच्या फ्रिजमध्ये
मधला कप्पा खतीबभाईचा नि माझा.
कोथिंबीर धुऊन ठेवू नको रे,
मुळं छाट, पेपरात गुंडाळ,
अरबी असला तरी चालेल, तिला कुठं वाचायचंय?
कांदे माझ्या कॉटखाली, बटाटे त्याच्या;
शेजार झाला की दोघंही सडतात, म्हणायचा.

सुट्टीवर जाताना
एकेका लिंबाला तेलाचा हात लावला त्यानं,
डबा माझ्याकडे सरकवला:
महिना काढतील. मी त्याआधी येतो.

आज सत्तेचाळिसावा दिवस.
त्याच्या कॉटवर नवीन पोरगा घोरतो,
खाली बटाट्यांना कोंब.
लिंबं अजून तुकतुकीत.
डाळीवर पिळावं म्हणून एक घेतलं,
सुरी सटकली सालीवरून.
पुसलंही नाही.
तसंच डब्यात ठेवलं.