काळी चार

तिचं वय मी बोटांनी मोजतो.
एकोणऐंशी साली, कन्ना चौकातल्या पहिल्या कार्यक्रमात
ओठ आणि माईक यांच्यात वीतभर जागा होती.
मग चार बोटं. मग दोन.
आता ती माईकला जवळजवळ चावतेच,
आणि मी गुपचूप ट्रेबल वाढवतो.

पोस्टरवर अजून 'कुमारी शबनम'.
घरी राजव्वा मेरगू,
तीन नातवंडं, एक गुडघा बदललेला.
पेंटर वारला, तरी त्यानं काढलेला चेहराच छापतात.
गालावर तीळ. तो तिला कधीच नव्हता.

आईच्या मांडीवरच्या सुपात
विडीचं पान कापणारी कात्री,
तिच्याकडून ठेका घेतला.
सूर मिलच्या भोंग्याकडून.
"पहाटेचा भोंगा काळी चारला लागतो की ओ!"
पेटीवाले शंकरप्पा हसायचे.
एकदा चिडून पेटी घेऊनच गेले मिलच्या दारात.
काळी चार. किंचित चढाच.

गड्ड्याच्या जत्रेत, मौत का कुआँच्या शेजारच्या तंबूत
बारा वर्षं गायली, फटफटीच्या वरताण.
चमकीची साडी एकच, काठ बदलून तीन केलेली.
कॅसेटही निघाली एक. दोन हजार प्रती.
अकराशे अजून पलंगाखाली आहेत,
झाडताना सून कुरकुरते.

मिल बंद पडली.
शंकरप्पा गेले.
सूर आता विचारायचा कुणाला?

परवा टॉवेल कारखानदाराच्या नातवाचं लग्न.
पोरांनी ती कॅसेट कुठनं तरी मिळवली,
लॅपटॉपवर तिचा आवाज पुसून नुसती वाद्यं ठेवली.
"दोन पट्ट्या खाली घेऊ का, आजी? एकच बटण आहे."
"नको. भोंगा कुणासाठी खाली आला होता व्हय?"

अंतरा आला. ती वरची ओळ आली.
तिनं तोंड उघडलं
आणि माईक हळूच वीतभर लांब नेला.

माझं बोट बटणावर होतं. मी हललो नाही.
स्पीकरमधून फक्त पंख्याचा वारा, बांगड्या,
आणि एक श्वास, अख्ख्या ओळीएवढा.

पंगतीच्या कडेला उभ्या विडीवाल्या म्हाताऱ्यांनी
बरोबर समेवर माना हलवल्या.

परतताना रिक्षात तिनं पाकीट मोजलं, दोनदा.
मग खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"ट्रेबल जास्त होतं आज."