तीन प्राण

मे महिन्याची दुपार. गोळीबार चौकामागच्या खोलीत
कूलर बंद पडला, आणि आम्ही तिघं
तळघराच्या दुसऱ्या पायरीवर अडकलो.
पायरी कागदावर होती. कूलर खरा.

सायली निनावे चौकड्यांच्या वहीत
एक घर म्हणजे दहा फूट धरून नकाशा काढत होती.
उमर मशाली मोजत होता.
वीस बाजूंचा फासा आमच्याकडे नाही,
म्हणून स्टीलच्या डब्यात हौजीच्या वीस सोंगट्या.

पराते काका आले, बगलेत वाळ्याच्या ताट्या.
पंप उघडला, आणि पाठ आमच्याकडेच ठेवून म्हणाले,
"कोणाच्या घराचं काम काढलं?"
काम नाही काका, खेळ आहे.
"कोण जिंकून राह्यलं?"
कोणीच नाही. इथं जिंकत नसतं कोणी.
"मंग?"
मग परत येतो. आलो तर.

काकांनी हात पुसले पँटीला.
तीन फासे, सहा वेळा, पडेल त्या क्रमाने:
बळ पाच.
"बदलून नाही भेटत?"
नाही.
"बरं आहे. कोठं कोणाले भेटते."
प्राण तीन. एवढ्यात एक उंदीरही पुरतो.

तलवार घेतली नाही त्यांनी.
दोर घेतला, खिळे, खडू, दहा फुटी बांबू
आणि बादली.
बादली यादीत नव्हती. नियम आमचे
एका कागदाच्या पाठपोट मावतात,
उरलेलं मला विचारायचं असतं.
दोन मोहरा, मी म्हटलं.
"महाग आहे," म्हणाले, आणि दिल्या.

खाली तिसऱ्या दालनात उमर दाराला खांदा लावणार,
तर काका: "भिंत ओली आहे का?"
मी लिहिलंच नव्हतं.
पण प्रश्न इतका नीट होता की मी म्हटलं, आहे.
"वरून का खालून?"
खालून.
"मंग पलीकडं टाकी भरली आहे. दार उघडू नका, बाप्पा."
मी माझं पान झाकून पाहिलं.
पलीकडे विहीर होती. महिन्याभरापूर्वी काढलेली,
मीच विसरलेली.

आम्ही दोन महिने खेळत होतो.
आम्ही फक्त विचारायचो: राक्षस किती आहेत?

मग तो दगडी बेडूक आला, उघड्या तोंडाचा,
आत काहीतरी चमकणारं.
बांबू त्या वेळी उमरच्या हातात होता.
काकांनी हात घातला.
मी फासा सगळ्यांसमोर टाकला. चार.

चारातून तीन.
कोणी बोललं नाही. तेवढ्यात पंप घरघरला
आणि ताट्यांवरून पाणी उतरायला लागलं.
"थो मेला?"
मेला, काका.
"तीनच होते म्हणा." मग थोड्या वेळाने,
"नाव काय होतं त्याचं?"

ठेवलंच नव्हतं. आमची रीत तशीच आहे,
जो वर येतो त्याला नाव,
नाहीतर वही भरून जाते.
"असं कसं," काका म्हणाले. रागाने नाही,
एखादी वायर उघडी दिसल्यावर म्हणावं तसं.
"लिहा. झिबल."
सायलीने बेडकाच्या घरात बारीक अक्षरांत लिहिलं:
झिबल, बादलीवाला.
आमच्या नकाशावरचं ते पहिलं नाव,
त्याआधी अकरा जण गेले होते.

काकांनी एकशे ऐंशी रुपये मोजून घेतले, चप्पल घातली,
चप्पल काढली.
"त्याले भाऊ असन न?"
असेल, म्हटलं. असतोच.

आता बळ. दोन फासे सतरंजीवर थांबले, पाच आणि पाच.
तिसरा उसळला, खिडकीकडे गेला
आणि टुबुक करून कूलरच्या टपात.
जमिनीवर पडलेला धरायचा नाही, हा आमचा नियम.
पाण्यात पडलेल्याचं कागदावर काही नाही.
तिघंही माझ्याकडे बघत होते.

धरायचा, मी म्हटलं.

उमरने मोबाइलचा उजेड पाडला. आम्ही वाकलो.
पंप सुरू, पाणी हलतंय,
तळाशी एकाचे दोन ठिपके होतात, दोनाचे चार.
पंप बंद करा म्हणायला
शेचाळीस अंशांत
कोणाचीच हिंमत होईना.