पिग्मीचा फेरा, विटा

साडेचारला मशीन गळ्यात अडकवून निघते.
आधी बाजारपेठ, मग यंत्रमागांची गल्ली.
उलटं गेलं तर रात्रपाळीवाले झोपेत सापडतात.

या महिन्यात पिशवीत एक फॉर्म आहे.
कॉलेजच्या घोरपडे मॅडम म्हणाल्या,
तुम्ही रोज जाताच दोघांकडं, एवढं भरून आणा.
राजस्थानातून आलेले, बिहारमधून आलेले,
कोण बरं आहे, किती बरं आहे.
एक ते पाच. खूण करायची.

भवरलाल देवासी, प्लायवूड आणि हार्डवेअर.
रोज पाचशे. नोट मोजत नाही, अंगठ्यानं सरकवतो.
आला तेव्हा सोळाचा,
मामाच्या दुकानात खिळे तोलायचा,
माळ्यावर झोपायचा, पत्र्याला नाक लागेल इतक्या वर.
सात वर्षांनी मामानं किल्ली दिली.
भांडवल गावाकडच्या अकरा जणांचं,
कागद नाही, व्याज नाही,
पुढच्या पोराला यानं तसंच उभं करायचं, एवढंच.
आता मराठी असं बोलतो
की गिऱ्हाईक घासाघीस करताना
त्याला घरच्यासारखी शिवी देतं.

रामसकल मंडल. चार माग, बारा तास.
रोज तीस. कधी नुसतं, "दीदी, कल."
मीटरवर मजुरी.
लाईट गेली की हातही मोकळे आणि हिशेबही.
खोलीत सहा जण, गाद्या तीन,
रात्रीचे येऊन दिवसाच्यांच्या उबेत आडवे होतात.
दहा तारखेला मोबाईलवरून पैसे गावाला जातात,
हिरवी खूण उमटते,
ती मला दाखवतो,
पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी.
तोही सोळाचाच होता.

मी पाच आणि दोन अशा खुणा केल्या.
खाली पुढचा प्रश्न होता : कर्ज आहे का?
भवरलाल म्हणाला, बावीस लाख.
रामसकल म्हणाला, नाही. देतंय कोण?
फॉर्मच्या हिशेबानं
रामसकल इथं एक घर पुढं गेला.
मी खोडरबर शोधलं.

माझा भाऊ शिवदास त्रिशूरला गलाई करतो.
सातवीनंतर चुलत्यामागं गेला.
पहिली चार वर्षं फोनवर बोलणं कमी, खोकणं जास्त,
अ‍ॅसिडनं बोटं पिवळी पडलेली.
आता दोन दुकानं. तिथं त्याला सेठ म्हणतात.
गावात दुमजली बंगला बांधलाय,
जिन्याला संगमरवर,
किल्ली माझ्याकडं.
महिन्यातून एकदा जाते,
सगळे नळ सोडते, पाणी लाल यायचं थांबेपर्यंत उभी राहते,
बंद करून येते.

त्याला विचारलं, तुला कितीची खूण करू?
हसला. म्हणाला,
आक्का, मी उतरलो तेव्हा चुलता स्टेशनात होता,
हातात डबा घेऊन.
तो नसता तर तिथंही भट्ट्या होत्याच की,
कुणाच्या तरी पेटवत बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही विचारलं,
विट्याच्या स्टँडवर घ्यायला कोण आलं होतं?
भवरलालनं कात्री खाली ठेवली.
मामा. स्कूटर घेऊन.
आधी जिलेबी खाऊ घातली, मग दुकान दाखवलं.
रामसकलला मागांच्या खडखडाटात
दोनदा विचारावं लागलं.
ठेकेदाराचा माणूस, म्हणाला.
यादीत नाव बघितलं, टेम्पोत बसवलं.

फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.
मी समासात बारीक अक्षरात लिहून दिलं.
मॅडमनी चष्मा वर करून वाचलं,
म्हणाल्या, छान आहे हो,
पण समासातलं कॉम्प्युटर घेत नाही.

काल रामसकलनं साठ दिले, दोन दिवसांचे.
उद्या येऊ नका, दीदी, मी नसेन.
भाचा येतोय. मिरजेहून पहिली एसटी.
हजेरी बुडेल रे, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली,
आणि शेजारच्या मागावरच्या पोराला
हाक मारून विचारलं,
जिलेबी इतक्या सकाळी
कुठं मिळते?