लाट लागते नि सुकते

दम्मामच्या बंदरात बावीस वर्षं
जहाजांचा गंज खरवडणारा इस्माईल सारंग
आज माझ्या टेबलावर आहे, ठणठणीत.
इथे येणाऱ्यांत दाता तेवढाच असा,
ज्याला काहीही झालेलं नसतं.

काळजाचा तुकडा म्हणतो आपण पोरींना.
याने शब्द शब्दासारखाच घेतला:
यकृताचा उजवा भाग, पुतणीसाठी.
ती पलीकडच्या खोलीत, हळदीसारखी पिवळी.

काल सही करताना विचारत होता,
झोपेचं औषध कुठलं देणार?
दोन आहेत, मी म्हटलं. एक श्वासातून, गोडसर वासाची वाफ.
एक शिरेतून, निरशा दुधासारखं.
कापताना रक्त अडवतात पंधरा मिनिटं,
पाच मिनिटं सोडतात, पुन्हा अडवतात.
सुटलेल्या रक्तातून प्राणवायू येतो
आणि पेशींनाच पोळतो.
कुठल्या औषधानं कमी पोळतात, ते मोजतोय आम्ही.

"म्हंजे गंज," तो म्हणाला.
"पान्यात बुडालेलं लोखंड बरं ऱ्हातं, डाक्टर.
जिथं लाट लागते नि सुकते, लागते नि सुकते,
थितंच खातो."

अठरा वर्षं मी हे शिकवते.
फळ्यावर बाण काढते, रेणूंची नावं लिहिते.

साडेसहाला लिफाफा फोडला: वाफ.
माझ्यावर असतं तर दूध दिलं असतं.
का, ते नका विचारू;
अजून एकतीस माणसं मोजायची आहेत.

बोटाच्या चिमट्यावर आकडा उमटेना.
नखांत तांबडी पूड, आंघोळ करूनही.
सिस्टर मर्लिननं स्पिरिटनं पुसलं, दोनदा,
मग अठ्ठ्याण्णव.

डॉक्टर घामदी म्हणाले, बंद.
मी घड्याळ लावलं.
म्हणाले, सोडा.
बर्फातल्या नळीत पाच मिली रक्त, वर नुसता क्रमांक एकोणतीस.
बंद. सोडा.
मधल्या वेळात कुणी बोललं नाही,
मला मात्र भरतीचा आवाज येत होता,
या खोलीला खिडकी नसताना.

दुसऱ्या दिवशी ओठ ओले करून त्याने विचारलं,
दूध व्हतं की वाफ?
अभ्यास संपेपर्यंत सांगता येत नाही, मी म्हटलं.
"नका सांगू. आमीबी जहाजाला इचारत नाय
कुठला रंग लावू."
हसला, आणि टाके दुखले म्हणून
हसणं अर्ध्यातच ठेवलं.