हात दाखवून

डावा हात. नेहमी डावाच.
पालथा ठेव, बोटं जराशी फाकव, हलू नकोस.
हे मी खुणांनी सांगते;
दुभाषा शिशाच्या दाराबाहेर थांबलेला असतो.

हामेत टुंकारा.
गाव कायेसच्या पलीकडे, नदीकाठी.
सात रात्री होडीत.
सोबतचं माणूस, या रकान्यात
आधी काहीतरी लिहून मग खोडलंय.

वय विचारलं तेव्हा म्हणाला,
पूल वाहून गेला त्या साली माझे दुधाचे दात पडत होते.
कांदे काढायच्या दिवसांत झालो, आई सांगते.
कचेरीत कांद्याची तारीख चालत नाही.
त्यांनी एक जानेवारी लिहिलं.
या धक्क्यावर उतरलेली बहुतेक पोरं
एक जानेवारीची आहेत.
एवढी बाळंतपणं एका दिवसात
कुठल्या सुइणीनं उरकली असतील!

म्हणून हाडाला विचारायचं.
मनगटाजवळ एक फट असते, काळी, केसाएवढी.
ती उघडी असेल तर मूल:
पलंग, शाळा, दुपारचं दूध,
कागदावर एक सरकारी पालक.
बुजली असेल तर
प्लास्टिकची पिशवी, फाटक,
आणि बस कुठे मिळते ते बोटानं दाखवतात.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.
आणि नाहीच दाखवला तर?
तर वय चोरतोय, असं लिहिता येतं.

कपाटात हातांच्या चित्रांचं एक जाड पुस्तक आहे.
शंभरेक वर्षांपूर्वीची, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शहरातली
खाऊनपिऊन सुखी घरची मुलं.
त्यांच्या मनगटांशी डॉक्टर याचं मनगट लावून बघतात,
पत्रिका जुळवावी तसं.
वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात,
हेही त्यांना ठाऊक असतं.
वर्ष-दोन वर्षं.
सोळाची अठरा व्हायला तेवढीच लागतात.

मी डॉक्टर नाही. मी बटण दाबते.
एकोणीस, असं त्यांनी लिहिलं.
खाली सरकारी वकिलाची सही यायची आहे.

घरी माझ्या ड्रॉवरमध्ये नाउसेतचं मनगट आहे.
मागच्या मार्चमध्ये स्केटबोर्डवरून पडला होता.
फट बुजलेली. मी तेव्हाच पाहिलं,
आणि कुणाला काही बोलले नाही, बोलायचं काय त्यात?
सोळा वर्षांचा आहे माझा मुलगा.
माशांचा डबा उघडताना बोट कापून घेतो,
रात्री वारा सुटला की माझ्या खोलीचं दार
उगाच लोटून बघतो.
त्याला कुणी पुस्तकाशी लावून बघणार नाही.
त्याचं वय मला माहीत आहे
आणि या बेटावर माझा शब्द चालतो.

हामेतनं आईचा नंबर पाठ म्हणून दाखवला होता.
मधे न अडखळता, दोनदा.
तो लावून बघावा, असं कुठल्याच फॉर्मवर नाही.

उठताना त्यानं पडद्याकडे बोट केलं.
दुभाषा आत आला, दोघं बराच वेळ बोलले.
विचारतोय, हा फोटो आईला पाठवता येईल का?
म्हटलं, हाडांचा कशाला, चांगला चेहऱ्याचा पाठव.
तर म्हणे, चेहरे दलालही पाठवतात,
जुने, पैसे उकळायला.
लहानपणी उखळात सापडून करंगळी वाकडी झालीय.
ते हाड ती ओळखेल.

मी पुन्हा पाहिलं.
वाकडं होतं खरंच, मधलं पेर.
अहवालात त्याचा उल्लेख नाही,
तो प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

फाइल सरकारची, फोटो सरकारचा.
मी नाही म्हटलं.
दुभाष्यानं ते एका शब्दात सांगितलं.

बाहेर बाकावर अजून चौघं बसले होते.
डाव्या बाह्या
आधीच वर सारून.