सौरभिक

अकरावीच्या पुस्तकात शब्द होता: सौरभिक.
परांजपे सरांनी फळ्यावर षट्कोन काढला,
आत एक वर्तुळ,
आणि म्हणाले, नाव जुनं आहे, वासावर जाऊ नका.
मी वहीत लिहून घेतलं. मार्कही मिळाले.

आज एकवीस वर्षांनी
कांदळवाडीच्या धक्क्यापाशी, भरती लागायच्या आधी,
घोट्याएवढ्या चिखलात उभा आहे.
हातात तपकिरी काचेची बरणी,
झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद.
प्लॅस्टिक चालत नाही, नियम क्रमांक चार.
सत्यभामा खवणेकर वाकून तिसऱ्या वेचते.
बोटांनाच दिसतं तिच्या, डोळे माझ्यावर.
"अर्धो किलो? पैशे कोण देतलो, सरकार?"
मी खिशातून देतो.

पलीकडे ट्रॉलर धुतायत.
पाण्यावर डिझेलचा मोरपंखी पदर सरकत येतो.
तिचा नातू त्याला बोट लावतो, रंग मोडतो,
बोट चड्डीला पुसतो.

तिसरी काही करत नाही.
पाणी घेते, पाणी सोडते,
दिवसभर सबंध खाडी गाळत बसते,
आणि गाळून उरलेलं तिच्याच पोटात.
माशाचं यकृत निदान भांडतं त्याच्याशी,
हिला तेही फारसं जमत नाही.

"वास येता काय तुका?"
एक उघडून माझ्या नाकाशी धरते.
चिखल. मीठ. थोडं लोखंड.
"नाय मां? मगे चांगल्यो.
रॉकेलाचो वास इलो तर मी परत टाकतंय."
काय सांगू हिला?
ज्यांच्या नावातच सुगंध
ते इथे वासावाचून येतात,
कडीला कडी चिकटलेली, पाच-पाच षट्कोन,
मध नसलेलं पोळं.

प्रयोगशाळेत तीन दिवस.
शिंपा सोल, मांस वाट, द्रावकात हलव.
पडद्यावर एकेक डोंगर उगवतो.
बेंझोपायरीनचा सुळका सव्विसाव्या मिनिटाला,
बुटका, मर्यादेच्या जरासा खाली.
अहवालात एवढंच मावतं: समाधानकारक.

पण ती मर्यादा कुणीतरी कोरड्या जमिनीवर बसून
महिन्यातून दोनदा शिंपले खाणाऱ्या माणसासाठी आखलेली.
सत्यभामा ओहोटी चांगली लागली तर दोन्ही वेळा खाते,
आणि विकून उरलेलं तिसऱ्यांदा.
तिच्या ताटाला फॉर्मात रकाना नाही.
मी समासात पेन्सिलीने लिहिलं: रोज.
साहेबांनी ते खोडलं. रागाने नाही,
रबराने, कागद फाटणार नाही असं.

"कागद काय म्हणता तां ऱ्हवांदे. खावचे की नाय, तां सांग."
मी म्हटलं, धक्क्याकडच्या नको,
खाडीच्या तोंडाकडच्या वेच.
"थंय ओढ आसा. गेल्या साला
सुरग्याची बायल थंयच व्हावान गेली."
मग बराच वेळ
आम्ही दोघं पाण्याकडे बघत होतो.
निघताना तिने हाक मारली:
"ती भरणी रिकामी झाली मां? हाडून दी माका.
आगळ बरा ऱ्हवात तेच्यात."

पुढच्या फेरीला नेली.
साबणाने तीनदा, कढत पाण्याने चारदा धुतलेली.
तरी तिच्या दारात शिरण्याआधी थांबलो,
झाकण उघडलं,
आणि सर, माफ करा,
वास घेऊन पाहिला.